मनगट की कपाट?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या घरी दरवर्षी एक प्रश्न निघतो. अनारसे घरी करायचे की विकत आणायचे, हा तो प्रश्न नव्हे. तो सौभाग्यवतीने केव्हाच निकालात काढला आहे, आणि विकतचे अनारसे फार चांगले असतात असे मी गेली अकरा वर्षे न चुकता म्हणत आलो आहे. आमचा प्रश्न निराळा. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, माझ्या मुंजीतल्या चांदीच्या ताट-वाटीच्या मागे, एक चौकोनी डबी असते. तिच्यात ओमेगा कंपनीचे एक मनगटी घड्याळ. ती डबी हाती लागली की फडके फिरवणारा हात थांबतो आणि घरातले कोणी तरी विचारते, "हे घालायचं तरी कधी?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, होते तोवर ह्या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेले होते. "घालू की. प्रसंग येऊ दे." प्रसंग काही आला नाही असे नाही, पण त्याचा हिशेब पुढे देतो.

डबीतले घड्याळ वर्षातून एकदा मात्र नक्की बाहेर येई. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर नवी केरसुणी, आईचे होते-नव्हते ते दागिने, चांदीचे रुपये आणि बँकेचे पासबुक मांडले जाई, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या तबकडीचे हे पोलादी घड्याळ विराजमान होई. अण्णा सोवळे नेसून त्याला किल्ली देत. आम्ही दोघे भावंडे आळीपाळीने ते कानाला लावत असू. आई हळदकुंकू वाही, ते अर्थात घड्याळावर नव्हे, त्याच्या डबीवर. कुंकवाचा कण यंत्रात गेला तर काय, ही अण्णांना धास्ती! एकदा किल्ली दिली की ते घड्याळ साधारण चाळीस तास चाले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जिवंत झालेले घड्याळ बहुधा भाऊबीजेच्या सकाळी थांबे. मग ते पुन्हा वर्षभरासाठी डबीत जाई. देव्हाऱ्यातले देव रोज स्नान करतात, गौरी-गणपती वर्षातून एकदा येतात. आमचे घड्याळ दुसऱ्या वर्गातले होते.

एका दिवाळीला मात्र ते चौरंगावर नव्हते. मी तेव्हा नुकताच कॉलेजात गेलो होतो. "ऑइलिंगला दिलंय," असे अण्णा म्हणाले, आणि मीही ते विसरून गेलो.

हे घड्याळ आमच्या घरात आले कसे ते सांगायला हवे, कारण रेल्वेतल्या कारकुनाच्या घरी ओमेगा म्हणजे झोपडीला झुंबर. अण्णांचे एक मामा बोटीवर होते. रत्नागिरीकडचे कितीतरी लोक त्या काळी बोटीवर असत, आणि एडनला बोट लागली की तिथल्या जकात नसलेल्या बाजारातून काही ना काही घेऊन येत. कोणी नायलॉनच्या साड्या आणी, कोणी ट्रान्झिस्टर. ह्या मामांनी भाच्याच्या लग्नाला, १९६३ साली, घड्याळ आणले. त्याची किंमत अण्णांच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी असावी, असे आई सांगते. मामांनी ते मांडवातच भाच्याच्या मनगटावर बांधले. लग्नाच्या फोटोत अण्णांचा डावा हात असा काही पुढे आला आहे की, नवरी मुलगी कोण आणि घड्याळ कोणते, असा पाहणाऱ्याला प्रश्न पडावा.

त्यानंतर अण्णांनी ते घड्याळ किती वेळा घातले हे मी घरचे फोटो पुढ्यात घेऊन मोजले आहे. लग्न. बहिणीचे बारसे. १९७५ साली माझी मुंज. १९९३ साली बहिणीचे लग्न. १९९४ साली निवृत्तीचा निरोप समारंभ, त्यात हार इतके मोठे की घड्याळ जेमतेम दिसते. नातवाचे बारसे. फोटो न निघालेले चार-सहा प्रसंग आणखी धरू. पंचावन्न वर्षांत दहा-बारा वेळा!

मग गाड्यांच्या वेळांवर ज्यांची भाकरी अवलंबून, त्यांनी रोज घातले काय? तर एच.एम.टी.ची 'जनता'. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला सरकारी कारखान्यात घड्याळे होऊ लागली. पुढे ती इतकी लोकप्रिय झाली की नंबर लावून, नाही तर वशिला लावून मिळवावी लागत. अण्णांनी आपली जनता १९७० साली मिळवली आणि मरेपर्यंत वापरली. तिचा पट्टा किती वेळा बदलला ह्याची गणती नाही. काच चऱ्यांनी इतकी भरली होती की आम्हांला तिच्यात वेळ दिसत नसे. अण्णांना मात्र दिसे. रोज सकाळी देवपूजा झाली की उभ्या-उभ्या ते जनतेला किल्ली देत. तो किरकिर आवाज हा आमच्या घरातला दुसरा भोंगा होता. तो कारखानाही आता राहिला नाही. सरकारने २०१६ साली त्या कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला.

२०१९ साली अण्णा गेले. दिवसवार झाल्यावर आईने दोन्ही घड्याळे आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही वाटून घ्या." मी मोठा, आणि मनातून, खोटे कशाला बोलू, ओमेगावर डोळा ठेवून होतो. पण मोठेपणा दाखवायचा म्हणून बहिणीला म्हटले, "तू आधी घे." तिने क्षणाचाही विचार न करता जनता उचलली.

मला वाटले, धाकटीने दादासाठी त्याग केला. मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर ती म्हणाली, "दादा, त्याग कसला? ह्याला अण्णांच्या मनगटाचा घाम लागलाय. ते दुसरं अण्णांचं होतंच कुठे? ते अण्णा नुसतं सांभाळत होते."

वाचकहो, वाटणीत चांगली वस्तू मिळूनही आपण ठकलो असे कधी वाटले आहे का तुम्हांला? मी ती डबी घेऊन घरी आलो आणि दोन वर्षे उघडली नाही.

आता माझ्या एका स्नेह्यांची ओळख करून देतो. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या घरी काय आहे हे चोरांना कळू नये अशी त्यांची इच्छा आहे, आणि हा अंक चोरही वाचत असतील. ह्या गृहस्थांकडे चाळीसच्या वर घड्याळे आहेत आणि ती सगळी किल्लीची. सेलवर चालणारे एकही नाही. त्यांपैकी काहींवरची कारखान्यातली पातळ चिकटपट्टीही त्यांनी काढलेली नाही. काही आपोआप किल्ली बसणारी, म्हणजे हात हलला की आतले वजन फिरते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते अशा जातीची. ही घालायची तर नाहीत, पण चालू तर राहिली पाहिजेत. म्हणून त्यांच्यासाठी विजेवर चालणारी एक पेटी आहे. तिच्यात सहा घड्याळे सहा गाद्यांवर बसून दिवसरात्र गोल गोल फिरत असतात. मी प्रथम ते दृश्य पाहिले तेव्हा मला मंगळागौरीची आठवण झाली. फरक एवढाच की ह्या फुगड्यांना जागरणाचा शेवट नाही. आणि हे सगळे पाहून झाल्यावर किती वाजले म्हणून विचारावे, तर गृहस्थ खिशातून मोबाईल काढतात!

त्यांची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, मुंबईची दमट हवा आणि आपला घाम पोलादालाही सोडत नाही. घालाल तर चरा पडणार. चरा पडला की तुम्ही पॉलिश करणार. पॉलिश केले की कडा बोथट होणार, आणि मूळच्या कडा गेल्या की जाणकाराच्या लेखी अर्धे घड्याळ गेले. शिवाय बाजार काय म्हणतो ते बघा! २०१९ साली जिनिव्हात धर्मादाय लिलावात पाटेक फिलिप कंपनीचे एक घड्याळ तीन कोटी दहा लाख स्विस फ्रँकला गेले. ते कोणाच्याही मनगटावर कधी चढले नव्हते, खास त्या लिलावासाठीच ते बनवले होते.

ह्यावर मी त्यांना त्याच बाजारातला दुसरा आकडा ऐकवतो. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात रोलेक्सचे एक पोलादी डेटोना एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरच्या वर गेले. मनगटी घड्याळाला लिलावात तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती. हे घड्याळ नट पॉल न्यूमन ह्याचे. गृहस्थाला मोटारींच्या शर्यतीचा नाद, म्हणून त्याच्या बायकोने, जोअन वुडवर्डने, घड्याळाच्या पाठीवर गाडी जपून हाकण्याविषयी तीन शब्द कोरून घेतले होते. त्याने ते वर्षानुवर्षे घातले आणि १९८४ साली मुलीच्या मित्राला सहज काढून देऊन टाकले. त्या पोरानेही ते पुढे कित्येक वर्षे रोज वापरले. म्हणजे पहा, एका घड्याळाला पैसे मिळाले ते कोणी घातले नाही म्हणून, आणि दुसऱ्याला मिळाले ते कोणी घातले म्हणून! बाजाराला विचारून हा तंटा सुटणार नाही. स्नेही म्हणतात, "तुम्ही पॉल न्यूमन नाही." हे मात्र खरे आहे.

घड्याळाच्या यंत्राला काय वाटत असेल? जुन्या पद्धतीच्या बहुतेक मनगटी घड्याळांत झोका घेणारे चाक तासाला अठरा हजार ठोके देते. म्हणजे सेकंदाला पाच, आणि दिवसाला चार लाख बत्तीस हजार. दोन बोटांनी गुंडाळलेली एक स्प्रिंग उलगडत जाते आणि केसासारखी दुसरी स्प्रिंग त्या उलगडण्याला शिस्त लावते. सेल नाही, वायर नाही. इतके करून अचूकपणात मात्र ही मंडळी मार खातात. स्वित्झर्लंडची अधिकृत परीक्षा उतरलेल्या घड्याळालासुद्धा दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. १९६९ सालच्या नाताळात जपानच्या सायको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले, त्याची चूक महिन्याला पाच सेकंदांच्या आत होती. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडातले घड्याळांचे कामगार नव्वद हजारांवरून तीस-पस्तीस हजारांवर आले. वेळ सांगण्याचे काम तेव्हाच गेले. आज तर दहा रुपयांची भाजी मोबाईलवर पैसे देऊन घेणाऱ्या माणसाला घड्याळाची गरज नाही. म्हणून तर किल्लीचे घड्याळ घालायचे की ठेवायचे, हा प्रश्न विचारण्याची चैन आपल्याला परवडते! अण्णांना ती परवडत नव्हती, त्यांना आठ चौदा म्हणजे आठ चौदाला ठाऊक असावे लागे.

आणि वापरासाठीच केलेली ही वस्तू वापरात किती टिकते, ह्याचाही एक दाखला ठेवून देतो. त्याच १९६९ सालच्या जुलैत चंद्रावर उतरलेल्या दोघांकडे ओमेगाचीच घड्याळे होती. यानातले विजेवरचे घड्याळ बिघडले म्हणून आर्मस्ट्राँगने आपले आत ठेवले, आणि आल्ड्रिन आपले हातावर बांधून चंद्रावर हिंडला. तिथून सुखरूप परत आलेले ते घड्याळ नंतर हरवले केव्हा? तर संग्रहालयात जपून ठेवण्यासाठी पाठवले तेव्हा! माझ्या स्नेह्यांना ही हकिकत मुळीच आवडत नाही.

अशा युक्तिवादांनी मी स्वतःला पटवत होतो, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. शेवटी २०२२ च्या पाडव्याला मी डबी उघडली आणि ओमेगा मनगटावर चढवले.

पहिला आठवडा मी घड्याळ घातले नाही, घड्याळाने मला घातले. लोकलमध्ये वरची कडी डाव्या हाताने धरायची सोय नाही. शर्टाची बाही खाली ओढून ओढून बटण तुटले. शेजारच्या माणसाने वेळ विचारली तर त्याच्या चेहऱ्यावर चोराची लक्षणे शोधायची. पावसाचा थेंब पडला की हात खिशात. हात धुताना काढायचे, आणि काढले की ते बेसिनवर राहिले तर काय, म्हणून तोंडात धरायचे. चार दिवस हे पाहून सौ. म्हणाली, "अहो, एवढा जीव खालीवर होत असेल तर ते बँकेत नेऊन ठेवा, आणि माणसासारखे वागा."

मला ते पटले. शनिवारी सकाळी मी लॉकरची किल्ली घेऊन बँकेत गेलो. घड्याळ हातातच होते. म्हटले, शेवटचे घालून घ्यावे. तळघरातल्या त्या लोखंडी जाळीच्या दारातून आत शिरताना दार जरा जोराने सरकले आणि माझ्या मनगटावर आपटले. एकोणसाठ वर्षे निष्कलंक राहिलेल्या काचेवर बारापासून चारपर्यंत आडवा चरा! सुरक्षित ठेवायला नेले होते म्हणून. लोकलने काही केले नव्हते, पावसाने केले नव्हते, चोरांनी तर नाहीच नाही.

घड्याळ लॉकरमध्ये न ठेवता मी तसाच परतलो आणि दुसऱ्या दिवशी गिरगावात एका घड्याळजींकडे गेलो. अशी माणसे आता फार उरली नाहीत. जिन्याखाली तीन फुटांचे दुकान, काचेचे झाकण असलेली पेटी, डोळ्यात भिंग. त्यांनी चरा पाहिला आणि हसले. "ही काच नाहीच, प्लॅस्टिक आहे. घासून काढू, पाच मिनिटांचं काम. आतलं बघू द्या."

त्यांनी पाठ उघडली आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "न घालता ठेवलंत ना? तेल वाळून राळ झालीय." मी म्हटले, "वापरलंच नाही तर खराब कसं होईल?" ते म्हणाले, "तेलाला कुठे ठाऊक तुम्ही वापरता की नाही? जुनं तेल ठेवल्या जागी घट्ट होतं. आणि अशा कोरड्या मशीनला किल्ली देऊन चालवणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, धुऱ्या झिजतात. घाला नाही तर ठेवा, चार-पाच वर्षांनी ऑइलिंग केलं पाहिजे." म्हणजे वर्षातून चाळीस तास त्याला जिवंत करणारी आमची लक्ष्मीपूजा त्या यंत्राला मानवत नव्हती, आणि मीही आठवडाभर त्याला कोरडेच पळवत होतो!

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिले आणि पाठीच्या झाकणाची आतली बाजू दाखवली. घड्याळजी लोकांची एक रीत असते. दुरुस्ती केली की झाकणाच्या आत सुईने बारीक खूण आणि साल कोरून ठेवायचे. पुढच्याला मागचा इतिहास कळतो. तिथे तीन खुणा होत्या: ६८, ७९ आणि ९३. "आणि हे दोन आकडे बघा," ते म्हणाले. जरा मोठ्या, ओबडधोबड अक्षरांत दोन लांब आकडे होते, एकाखाली एक. "हे घड्याळजीचं अक्षर नव्हे. असे आकडे गहाण ठेवून घेणारे टाकतात. पावतीचा नंबर. वस्तू बदलली म्हणून कोणी भांडू नये यासाठी."

मी म्हटले, "शक्य नाही. हे घड्याळ कपाटाबाहेर गेलंच नाही कधी."

ते म्हणाले, "दोनदा गेलंय."

८३ साली ऑइलिंग केल्याची खूण त्या झाकणावर नव्हती, हे मला परत येताना गाडीत सुचले. कॉलेजात गेलो ते साल ८३.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. ऐकू कमी येते, पण आठवते सगळे. मी तिला झाकणाची गोष्ट सांगितली. तिने आधी, "त्या मेल्यानं आत नंबर घातला होता होय?" असे आश्चर्य केले. मग शांतपणे सांगू लागली.

"संपात ठेवलं पहिल्यांदा. चौऱ्याहत्तरचा मे." रेल्वेचा तो मोठा संप ८ मेला सुरू झाला आणि २७ मेला मागे घेतला गेला, हे मी पुस्तकांत वाचले होते. अण्णा संपावर होते हेही मला ठाऊक होते. पण पगार थांबला तेव्हा आम्ही काय खाल्ले, हे विचारायचे मला पन्नास वर्षांत सुचले नव्हते. आठ वर्षांच्या पोराला ताटात वरणभात दिसला की पुरे असते. "नोकरी राहते की जाते ते कळत नव्हतं. माझ्या पाटल्या द्यायला निघाले तर हे म्हणाले, 'पाटल्या दिल्या तर चाळीत दिसेल. घड्याळ कोण बघतंय?' तुझ्या मुंजीच्या आधी चार दिवस सोडवून आणलं. मामा येणार होते ना मुंजीला! हात रिकामा दिसला असता."

मुंजीच्या फोटोत अण्णांचा डावा हात लग्नातल्यासारखाच पुढे आलेला आहे. मी इतकी वर्षे त्याला हसत आलो.

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुझी फी," आई म्हणाली. "आणि हॉस्टेल. त्या दिवाळीला पूजेत नव्हतं, तर तू विचारलंस बघ. हे म्हणाले, ऑइलिंगला दिलंय. पंधरा महिने ऑइलिंग चाललं होतं."

"पण मग ते घालत का नसत? पुन्हा घरी आल्यावर तरी?"

आईने माझ्याकडे असे पाहिले की मी अजून आठच वर्षांचा आहे. "अरे, घातलं असतं तर चरे पडले असते. चऱ्याच्या घड्याळाला निम्मे पैसे देतात. पहिल्या वेळेला त्यानं भिंग लावून बघितलं होतं ना! तेव्हापासून हे फारच जपायला लागले."

घालायचे की ठेवायचे, ह्यावर मी जिनिव्हा-न्यूयॉर्क पालथे घातले होते आणि चंद्रावरही जाऊन आलो होतो. एक पाटेक फिलिप कंपनी १९९६ सालापासून आपल्या जाहिरातींतून सांगत आली आहे की, घड्याळ तुमच्या मालकीचे नसतेच, ते तुम्ही पुढच्या पिढीसाठी नुसते सांभाळायचे. ती जाहिरात वाचली की मला हसू येई. अण्णांनी ती कधी वाचली नसणार. पुढच्या पिढीची फी मात्र त्यांनी त्या घड्याळातून भरली, आणि नंतर ते घड्याळही, काचेवर एक चरा नसलेले, पुढच्या पिढीच्या हातात ठेवले. चरा पुढच्या पिढीने पाडला.

रात्री मी बहिणीला फोन केला आणि सगळे सांगितले. 'ते अण्णांचं होतंच कुठे' ह्या तिच्या वाक्याची आठवण मी करून दिली नाही. तशी वेळही आली नाही. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटले, फोन कटला.

मग ती म्हणाली, "दादा, मला एकदा घालायला देशील?"

घड्याळजींकडून ओमेगा तीन आठवड्यांनी परत आले. आता दिवसाला सात-आठ सेकंदच पुढे जाते. चरा घासून काढायचा होता, तो मी तसाच ठेवायला सांगितला. घड्याळजींना हा निव्वळ वेडेपणा वाटला आणि त्यांनी तसे तोंडावर म्हटले. माझ्या संग्राहक स्नेह्यांनी झाकणाच्या आतले ते आकडे भिंगातून पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि "ह्याने किंमत कमी होते," असे म्हणता म्हणता थांबले. मागच्या महिन्यात त्यांनी फिरत्या पेटीतले एक घड्याळ घालून लग्नाला हजेरी लावली असे ऐकतो. बाही खाली ओढलेली होती म्हणे.

आमच्या घरी ह्या दिवाळीपासून नवी व्यवस्था ठरली आहे. लक्ष्मीपूजनाला बहीण जनता पाठवून देणार, आणि चौरंगावर दोन्ही घड्याळे बसणार. भाऊबीजेला ती ओवाळायला येईल तेव्हा मी तिच्या हातात ओमेगा बांधायचे, ते पुढच्या भाऊबीजेपर्यंत तिने रोज घालायचे. बसमध्ये, बाजारात, पावसात, कुठेही. तिने मला विचारले, "आणखी एखादा चरा पडला तर?" मी उत्तर देण्याआधी आतल्या खोलीतून आई ओरडली. कमी ऐकू येते, पण हे नेमके ऐकू आले. "पडू दे! आता कुठं गहाण टाकायचंय?"

बदल्यात वर्षभर जनता माझ्याकडे राहील. तिच्या चऱ्यांतून वेळ कशी वाचायची हे मला अजून साधत नाही. बहिणीने बजावून सांगितले आहे की तिला सकाळी पूजेनंतर, उभ्यानेच, किल्ली द्यायची. आणि ती दिवसाला तीन मिनिटे पुढे पळते, तेव्हा तिच्यावर विसंबून आठ चौदाला निघू नये.